सायकलची चामडी सीट : ‘सवय होईल’ म्हणण्याआधी

निवृत्तीनंतर माळ्यावरची किंवा जिन्याखालची सायकल पुन्हा बाहेर काढावी, असे अनेकांच्या मनात येते. दूध आणणे, देवदर्शन, वाचनालय, भाजी मंडई, मित्राचे घर अशी दोन-तीन किलोमीटरची कामे कोणावर अवलंबून न राहता करता येणे, ही या वयातली मोठी गोष्ट आहे. सायकल झाडून-पुसून, ट्यूब बदलून, ब्रेक नीट करून घेतले जातात. पहिले काही दिवस उत्साहात जातात. मग एक दिवस सायकल पुन्हा भिंतीला टेकते आणि तिथेच राहते. घरच्यांनी विचारले, तर ‘ऊन फार आहे’, ‘रहदारी वाढली आहे’, ‘गुडघा कुरकुरतो’ अशी उत्तरे मिळतात. खरे कारण बरेचदा वेगळे असते आणि ते चारचौघांत सांगण्यासारखे वाटत नाही. सीट टोचत असते.

जुन्या सायकलींची सीट चामड्याची असते. नव्या सायकली घेणाऱ्यांपैकीही काही जण टिकाऊपणासाठी मुद्दाम चामडी सीट निवडतात. ती कडक लागते, अशी तक्रार केली की सायकलवाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्व जण एकच सल्ला देतात : ‘सवय होईल.’ हा सल्ला पूर्णपणे चुकीचा नाही. एका प्रकारच्या दुखण्याला तो लागू पडतो, दुसऱ्या प्रकाराला अर्धवट लागू पडतो आणि तिसऱ्या प्रकारच्या बाबतीत तो सरळसरळ अपायकारक आहे. साठी-सत्तरीच्या वाचकांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी हा फरक ओळखायला शिकावे, एवढ्यासाठी हा लेख.

ही सीट घडते कशी?

चामडी सीट म्हणजे गादी नव्हे. तिच्या आत कापूस, फोम असे काहीही भरलेले नसते. सुमारे चार ते पाच मिलिमीटर जाडीचे चामडे लोखंडी सांगाड्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांना रिव्हेटने ठोकून ताणलेले असते. झोळी दोन टोकांना बांधावी आणि मध्ये आपला भार पडावा, तशी ही रचना आहे. पुढच्या टोकाखाली एक नट-बोल्ट असतो. तो फिरवला की चामड्याचा ताण वाढतो. आपल्याकडच्या उभ्या बांध्याच्या काळ्या सायकलींना या सांगाड्याखाली जाड स्प्रिंगही असतात.

या सीटच्या जन्माची एक कथा सांगितली जाते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे घोड्यांचे साज आणि चामड्याच्या वस्तू बनवणारे जॉन बोल्टबी ब्रुक्स यांचा घोडा मेला. कामावर जाण्यासाठी त्यांनी उसनी सायकल घेतली आणि तिच्या सीटने त्यांना इतका त्रास दिला, की आपणच यावर उपाय काढायचा असे त्यांनी ठरवले. त्यांनी १८८२ साली चामडी सीटचे पेटंट घेतले. ज्या सीटला आज आपण कडक म्हणून नावे ठेवतो, ती मुळात टोचणाऱ्या सीटवरचा उतारा म्हणून तयार झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हा उतारा काम करतो तो चामड्याच्या एका गुणामुळे. शरीराचा भार, ऊब आणि घामाचा ओलावा यांमुळे चामडे हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे खोलगट होते. पायातली चामड्याची चप्पल काही दिवसांनी जशी आपल्याच पायाची होऊन जाते, तसेच हे. यासाठी काहीशे किलोमीटरचा प्रवास लागतो. आता साधा हिशेब करा. आपण रोज चार किलोमीटर, महिन्यातले पंचवीस दिवस सायकल चालवत असाल, तर महिन्याला शंभर किलोमीटर होतात. म्हणजे नव्या सीटला आपल्या अंगाप्रमाणे होण्यास कित्येक महिने लागतील. आपले वजन कमी असेल, तर त्याहूनही अधिक. तरुणपणी कामावर रोज वीस किलोमीटर सायकल मारणाऱ्याला महिन्याभरात जी सवय झाली, ती आता तेवढ्याच दिवसांत होईल अशी अपेक्षा धरू नये.

आणखी एक गोष्ट. सीट ज्याच्या अंगाची झाली, त्याचीच ती असते. वडिलांची, थोरल्या भावाची किंवा जुन्या बाजारातून आणलेली सीट कितीही मऊ झालेली असली, तरी तिच्यावरचे खळगे दुसऱ्याच्या हाडांचे असतात.

सीट तीच, बसणारा बदललेला

‘याच सीटवर मी तीस वर्षे बसलो, तेव्हा काही झाले नाही, आता का टोचते?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर दोन्हीकडे आहे.

सरळ बसलेल्या माणसाचा भार नितंबांच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. ती ओळखायची असतील, तर लाकडी पाटावर किंवा कडक खुर्चीवर बसून दोन्ही तळहात खाली सरकवा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. सायकलच्या सीटवर शरीराचा बहुतेक भार याच दोन उंचवट्यांनी उचलायला हवा. त्यांच्या मधला, पुढच्या बाजूचा भाग मऊ असतो. जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तेथून जातात. निसर्गाने तो भाग भार पेलण्यासाठी केलेला नाही.

वय वाढते तसे नितंबांचे स्नायू बारीक होतात, हाडांवरची चरबीची गादी पातळ होते आणि त्वचा नाजूक होते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर जननेंद्रियांजवळची त्वचा कोरडी आणि पातळ होत जाते. कंबर व मांड्या ताठर झाल्याने बसण्याची ढबही बदलते. इकडे सीटचेही वय झालेले असते. चामडे मध्ये सैल पडून झोळ येतो, कडा बाहेर फाकतात, तर पुढचे टोक आणि मागची लोखंडी कड वर आल्यासारखी होते. परिणामी भार हाडांवरून सरकून नको तेथे पडतो. तेव्हा सीट टोचते म्हणजे आपण नाजूक झालो किंवा हिंमत हरलो, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. दोघांनाही नव्याने जुळवून घ्यावे लागत आहे, इतकेच.

दुखणे तीन प्रकारचे

आता मुख्य मुद्दा. सायकलवरून उतरल्यावर स्वतःला विचारा : नेमके कोठे आणि कसे दुखते?

पहिला प्रकार हाडांच्या ठणक्याचा. दुखणे त्या दोन उंचवट्यांवरच असते, दाबल्यावर जाणवते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. बऱ्याच काळानंतर सायकल चालवणाऱ्याला हे होणारच. येथे ‘सवय होईल’ हा सल्ला योग्य आहे. सुरुवातीला दहा मिनिटांपेक्षा अधिक चालवू नये, एक दिवस आड चालवावे आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी. दोन-तीन आठवड्यांत हे दुखणे कमी होत गेले पाहिजे. ते वाढतच असेल, तर सीटची मांडणी किंवा रुंदी चुकली आहे असे समजावे.

दुसरा प्रकार घासण्याचा. जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूस त्वचा लाल होते, चुरचुरते, फोड किंवा गळू येते. हे सवयीने जाईलच असे नाही. त्यामागचे कारण शोधून ते दूर करावे लागते. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत सायकल बंद ठेवावी. मधुमेह असलेल्यांनी येथे विशेष जपावे. संवेदना कमी झाल्यामुळे जखम झालेली कळत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. अशांनी सायकल चालवलेल्या दिवशी आंघोळीच्या वेळी हाताने चाचपून आणि छोट्या आरशात पाहून तो भाग तपासावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी काळे-निळे डाग पडत नाहीत ना, तेही पाहावे.

तिसरा प्रकार बधिरतेचा. पुढच्या मऊ भागात मुंग्या येणे, तो भाग बधिर होणे, लघवीच्या वेळी जळजळ होणे किंवा तेथे टोचल्यासारख्या कळा येणे. याचा अर्थ नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येत आहे. या दुखण्याची सवय होऊ देऊ नये. पुष्कळदा यात फारशी वेदना नसते, आणि वेदना नाही म्हणून माणूस चालवत राहतो. बधिरता जाणवताक्षणी खाली उतरावे, काही मिनिटे चालावे आणि सीटची मांडणी बदलल्याशिवाय पुन्हा लांब जाऊ नये.

आधी पाना, मग पैसे

नवी सीट घेण्याआधी आहे तीच सीट नीट बसवून पाहावी. बहुतेक तक्रारी एका पान्याने आणि अर्ध्या तासात कमी होऊ शकतात. हे काम सायकल दुरुस्तीच्या दुकानात करून घेता येते. मात्र आपण स्वतः तेथे हजर राहून, सायकलवर बसून पाहिले पाहिजे. सुरुवात करण्यापूर्वी सीटच्या दांडीवर आणि क्लॅम्पवर पेनाने खूण करून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन फेऱ्या मारून मगच पुढचा बदल करावा.

उंची : भिंतीचा किंवा घरातल्या माणसाचा आधार घेऊन सीटवर बसा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीप्रमाणे चवडा ठेवला, की गुडघ्यात थोडा बाक राहतो. सीट यापेक्षा उंच असेल, तर पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि त्वचा घासली जाते. फार खाली असेल, तर पायांवर भार कमी येऊन सगळे वजन सीटवर पडते आणि गुडघेही दुखतात. ज्येष्ठांनी मात्र आणखी एक पथ्य पाळावे. थांबल्यावर चवडा जमिनीला टेकलाच पाहिजे. तो टेकत नसेल, तर सीट एक-दोन सेंटिमीटर खाली घ्यावी. गुडघ्याच्या थोड्या गैरसोयीपेक्षा पडण्याचा धोका मोठा असतो.

कल : सीटवर एक सरळ पट्टी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवा आणि प्रथम सीट सपाट करा. चामड्याच्या सीटमध्ये मधला भाग खोलगट असल्याने पट्टीचा आधार पुढच्या टोकाला आणि मागच्या भागाला मिळतो. पुढचे टोक फार वर असेल, तर मऊ भागावर दाब येतो. ते खाली झुकवले की बरे वाटेल, असे मनात येते. पण फार झुकवल्यास आपण सतत पुढे घसरतो, हातांवर भार येतो आणि मनगटे व बोटे बधिर होतात. क्लॅम्पवर बारीक दाते असतात. एका वेळी एकच दाता वर किंवा खाली करून पाहावे. काम झाल्यावर नट घट्ट आवळायला विसरू नये. चालत्या सायकलवर सीट अचानक कलंडणे धोक्याचे असते.

पुढे-मागे : आपण नकळत सीटच्या अरुंद टोकाकडे सरकत असाल, तर हँडल दूर पडत आहे असे समजावे. सीट थोडी पुढे घ्यावी. उलट, सारखे मागच्या लोखंडी कडेवर बसत असाल, तर सीट किंचित मागे न्यावी. बैठकीची हाडे सीटच्या रुंद भागावर टेकली पाहिजेत.

हँडल : हँडल सीटपेक्षा खाली असेल, तर शरीर पुढे वाकते आणि भार हाडांवरून मऊ भागाकडे सरकतो. ज्येष्ठांसाठी हँडल सीटच्या बरोबरीने किंवा त्याहून थोडे वर असावे. ते वर घेताना दांडीवरच्या मर्यादेच्या खुणेपलीकडे ओढू नये.

चामड्याची निगा

कडक सीट लवकर मऊ करण्यासाठी ती पाण्यात भिजवणे, खोबरेल किंवा एरंडेल चोपडणे, उन्हात तेल पाजणे असे घरगुती उपाय केले जातात. ते टाळावेत. अती तेलाने चामडे मऊ होते हे खरे. पण ते ताण धरून ठेवू शकत नाही. काही महिन्यांत मध्ये झोळ येतो आणि तो पूर्ववत होत नाही. चामड्यासाठी मिळणारे मेणयुक्त मलम नव्या सीटला एकदा, वरून आणि खालून, पातळ लावावे. नंतर वर्षातून एक-दोनदा पुरे. बुटांचे रंगीत पॉलिश लावू नये; त्याचा रंग धोतराला, पायजम्याला किंवा साडीला लागतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला विशेष जपावे लागते. सायकल बाहेर उभी करताना सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि घरी आल्यावर ती काढून टाकावी. पिशवी तशीच राहिल्यास आत दमटपणा कोंडतो आणि बुरशी येते. सीट भिजलीच, तर तिच्यावर बसू नये. ओल्या चामड्यावर भार पडला की ते वेडेवाकडे ताणले जाते. कोरड्या फडक्याने टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. पुढच्या मडगार्डचे पाणी सीटवर येत नसले, तरी मागच्या चाकाचे पाणी सीटच्या खालच्या, उघड्या बाजूवर उडते. म्हणून मागचे मडगार्ड शाबूत असावे.

जुन्या सीटला झोळ आला असेल, तर पुढच्या टोकाखालचा नट एका वेळी पाव फेरा, एवढाच आवळावा आणि बसून पाहावे. सीट मुळात कडक आहे म्हणून हा नट सैल सोडणे किंवा ती एकदम टणक व्हावी म्हणून जोराने आवळणे, दोन्ही चूक. अति ताणाने रिव्हेटपाशी चामडे फाटते. कडा फाकल्या असतील, तर चांभार दोन्ही बाजूंना खालच्या कडेला भोके पाडून, बुटाची नाडी बांधावी तशी, खालून दोरी ओवून देतो. या साध्या उपायाने कडा आत येतात आणि मांड्यांना घासणे कमी होते. चामड्याला तडे गेले असतील, एखादे रिव्हेट निघाले असेल किंवा खालची स्प्रिंग तुटली असेल, तर मात्र त्या सीटचा मोह सोडावा.

खोगीरभरतीचा मोह

आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरणा अशा अर्थाने वापरतात. सायकलच्या सीटच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरू शकतो. सीट टोचते म्हटल्यावर मुलगा किंवा सून प्रेमाने जाड फोमचे अथवा जेलचे कव्हर आणून देते. हाताने दाबून पाहिले की ते छान मऊ लागते. बसल्यावर मात्र हाडे त्या मऊ थरात रुततात आणि दोन हाडांच्या मधला फोम वर उचलला जाऊन नेमका नाजूक भागावर दाबला जातो. पाच-दहा मिनिटांच्या फेरीला हे कव्हर सुखाचे वाटते. त्यापुढे बधिरता येऊ लागली, तर ते काढून टाकावे. चामड्यावर सतत कव्हर ठेवल्याने घामाचा ओलावाही आत अडकतो.

भरणा करायचाच असेल, तर तो अंगावरच्या कपड्यात करणे बरे. सायकलस्वारांसाठी मिळणारी, आत पातळ गादी शिवलेली आखूड विजार नेहमीच्या पँटच्या किंवा सलवारीच्या आत घालता येते. ती अंगासरशी बसते, त्यामुळे घासणे कमी होते. ती प्रत्येक वेळी धुऊन घालावी. इतर कपड्यांकडेही लक्ष द्यावे. जाड शिवण नेमकी बैठकीखाली येणाऱ्या पँट टाळाव्यात. मागच्या खिशात पाकीट ठेवून बसू नये; एक बाजू उचलली जाते आणि कंबरही दुखते. धोतर किंवा नऊवारीचा काष्टा बैठकीखाली गोळा होत नाही ना, ते पाहावे. घरी आल्यावर घामट कपडे लगेच बदलावेत.

सीट बदलायची वेळ

मांडणी सुधारली, दोन महिने संयमाने वापरली, तरी त्रास कमी होत नसेल, तर सीट बदलावी. त्यात पराभव नाही. शरीर चामड्यासाठी नसून चामडे शरीरासाठी आहे.

रुंदी निवडण्याची एक सोपी रीत आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवा. पातळ कपडे घालून त्यावर सरळ बसा, पाय छोट्या पाटावर ठेवून गुडघे थोडे उंच करा आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतील अंतर मोजा. ते साधारणपणे दहा ते चौदा सेंटिमीटर भरते. स्त्रियांमध्ये सरासरीने थोडे अधिक असते. सीटची मागची रुंदी या अंतरापेक्षा काही सेंटिमीटर अधिक हवी. सरळ बसून चालवणाऱ्याला वाकून चालवणाऱ्यापेक्षा रुंद सीट लागते आणि स्प्रिंगचाही उपयोग होतो. शर्यतीच्या सायकलची अरुंद सीट ज्येष्ठांच्या कामाची नाही.

वारंवार बधिरता येत असल्यास पुढचे टोक नसलेली किंवा मधोमध खाच असलेली सीट पाहावी. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांचा अभ्यास केला होता. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिने टोक नसलेली सीट वापरल्यावर, बधिरता अजिबात येत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात २७ वरून ८२ वर गेले. अशा सीटवर तोल सांभाळण्याची रीत थोडी वेगळी असते. म्हणून आधी मोकळ्या मैदानात, कोणाला तरी सोबत घेऊन सराव करावा.

डॉक्टरांना केव्हा विचारावे?

सीटवरून उतरल्यानंतरही बधिरता तासाभरात पूर्ण गेली नाही, लघवीत रक्त दिसले, लघवी तुंबली किंवा वारंवार जळजळ झाली, गळू वाढत गेले किंवा शौचाच्या वेळी रक्त पडले, तर डॉक्टरांना दाखवावे. मूळव्याध, भगेंद्र यांचा त्रास असणाऱ्यांनी, तसेच प्रोस्टेटची, गर्भाशयाची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी सायकल पुन्हा केव्हा सुरू करायची, हे आपल्या शल्यविशारदांना स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी करायची असेल, तर तिच्या आधी किमान ४८ तास सायकल चालवू नये. आकडा वाढलेला येऊन उगाच घोर लागू शकतो.

एक लक्षण मात्र सायकलपेक्षा फार गंभीर आहे. बसताना सीटला टेकणारा सगळा भाग, म्हणजे जांघा, गुदद्वार आणि जननेंद्रियांभोवतालचा भाग, आपोआप बधिर होणे. त्यासोबत कंबरदुखी, पायांत अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. या बधिरतेला वैद्यकशास्त्रात ‘सॅडल अ‍ॅनेस्थेशिया’ म्हणजे खोगिराच्या जागेची बधिरता असेच नाव आहे. ती सीटमुळे येत नाही. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याने येते. येथे सीटला दोष देत दिवस काढू नयेत. त्याच दिवशी, तातडीने रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास नुकसान कायमचे होऊ शकते.

घरच्यांनी विचारावे कसे?

या दुखण्याची जागा अशी आहे, की वडील मुलाला सांगत नाहीत आणि सासू सुनेला सांगत नाही. डॉक्टरांसमोरही ‘बाकी काही नाही’ म्हणून विषय संपवला जातो. म्हणून काळजी घेणाऱ्यांनी प्रश्न नीट विचारला पाहिजे. ‘बाबा, दुखतंय का?’ असे विचारल्यास ‘नाही’ एवढेच उत्तर येईल. त्याऐवजी, ‘बाबा, सीट हाडाला लागते, की पुढे मुंग्या येतात? उतरल्यावर किती वेळ राहतं?’ असे विचारावे. प्रश्नात शब्द तयार मिळाले, की उत्तर देणाऱ्याचा संकोच निम्मा कमी होतो. घरात हे बोलणे अवघड वाटत असेल, तर समवयस्क मित्र, मैत्रीण किंवा नेहमीचे डॉक्टर यांच्यावर ते सोपवावे. डॉक्टरांकडे जाताना चार ओळींची चिठ्ठी लिहून दिली, तरी चालते.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सायकलवर चढता-उतरताना मांडी सीटवरून पलीकडे नेणे जड जाते का? जात असेल, तर मधली दांडी खाली असलेली सायकल घ्यावी. तिला लेडीज सायकल म्हणतात म्हणून पुरुषांनी लाजू नये. आणि सायकल चार दिवस जागची हलली नाही, तर ‘कंटाळा केलात’ असे म्हणण्याआधी सीटवर एकदा हात फिरवून पाहावा. झोळ, तडा, वर आलेले रिव्हेट हाताला लगेच कळते.

वाचकहो, उतारवयात स्वतःच्या पायांवर आणि स्वतःच्या चाकांवर घराबाहेर पडता येणे, हे औषधांच्या पाकिटात न मिळणारे बळ आहे. ते एका ढिल्या नटापायी किंवा न बोललेल्या दुखण्यापायी सोडून देऊ नका. उद्या सायकलवरून उतरल्यावर वहीत एवढेच लिहा : कोठे दुखले, कसे दुखले, किती वेळ राहिले. हाडाचा ठणका असेल, तर धीर धरा. त्वचा घासली असेल, तर कारण शोधा. बधिरता असेल, तर थांबा आणि पाना हाती घ्या.